कमानींखालून फाउंटनपर्यंत

शनिवार, भर पावसाचा.

मुंबईच्या फोर्टात काम होतं, भाचीही बरोबर आली. सीएसएमटीला उतरलो आणि दादाभाई नौरोजी रस्त्याने फाउंटनपर्यंत चालत गेलो. बाहेर धो धो पाऊस, पण बरीचशी वाट कमानींखालून, त्यामुळे चौक ओलांडतानाच काय ती छत्री उघडली.

१८८७ सालचं स्टेशन आणि समोरची १८९३ सालची महापालिका, दोन्ही वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्स यांची. या इमारतींकडे सगळेच माना वर करून बघतात. माझा जीव अडकतो तो पुढच्या इमारतींच्या रांगेत. १८६०च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली आणि पुढे हा रस्ता रुंद झाला. ज्याने त्याने आपापल्या हौसेने बांधलं, कुणी गॉथिक, कुणी ग्रीक वळणाचे खांब. तरी रस्ता एका घराण्यातला वाटतो, कारण १८९६च्या नियमाने तळमजल्यावर चालणाऱ्यांसाठी कमानींची वाट सोडणं बंधनकारक केलं. जागा मालकाची, सावली वाटसरूची! इतका माणुसकीचा नियम या शहरात नंतर क्वचितच झाला असेल.

एका खांबापाशी भाची थांबली. पिवळसर दगड, माणसांच्या कमरेएवढ्या उंचीवर घासून गुळगुळीत झालेला.

"मावशी, हा कुठला गं दगड?"

"मालाडचा दिसतोय. तिथल्या खाणींतून यायचा तेव्हा."

"आपल्या मालाडचा?" तिने पुन्हा हात फिरवला.

त्याच खांबाला वायरींसाठी खिळे ठोकलेत, वर निळा ऑइलपेंट. दगडातली ओल बाहेर पडायला वाट नाही, म्हणून रंगाखाली पोपडे धरलेत. वरच्या सज्जात पिंपळ. नुसता छाटला की तो दुप्पट जोमाने फुटतो आणि मुळं सांध्यात आणखी खोल जातात. ते सांधेही सिमेंटने लिंपलेले, जिथे चुनाच हवा होता. फार वाईट वाटलं.

आणि हे अटळ मुळीच नाही. याच रस्त्यावरच्या १८९८च्या जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट या वाचनालयाची डागडुजी इतकी जीव लावून झाली की २०१५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तिथले दगड भाचीला मुद्दाम दाखवले.

सोमवारी त्या पिंपळवाल्या इमारतीच्या ऑफिसात पत्र देणार आहे. पिंपळ मुळासकट काढा, रंग उतरवा, सांधे चुन्यानेच भरा. खांबाचे फोटो भाचीने काढलेच आहेत, ते सोबत जोडेन.