जे हललं, ते रंगलं

सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की हा छायाचित्रकार १९०९ ते १९१५ या काळात झारच्या पाठिंब्याने रशियाभर हिंडला. निळ्या, हिरव्या आणि लाल फिल्टरमधून एकापाठोपाठ तीन कृष्णधवल निगेटिव्ह एकाच उभ्या काचेवर घ्यायच्या आणि मग तीन रंगांच्या प्रकाशात त्या एकावर एक जुळवायच्या, ही त्याची रीत. चर्च, लाकडी घरं, डोंगर यांचे रंग आजही बघत राहावेत असे. पाणी मात्र हाती लागलं नाही. दोन निगेटिव्हच्या मधे लाट सरकायची आणि नदीवर लाल-हिरव्या-निळ्या रेघा उमटायच्या.

पुढे कोडॅकमधल्या रॉबर्ट हॅरिसने हीच खोड मुद्दाम घडवून आणली. तीन रंगांचे फिल्टर लावलेली पट्टी लेन्ससमोरून खाली सोडायची, फ्रेम एकच. या करामतीला त्याचंच नाव आहे, हॅरिस शटर.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्टर हवेतच असं नाही. उलट गडद लाल फिल्टर तीनेक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश खातो आणि सेन्सरचे जेमतेम एक चतुर्थांश पिक्सेल कामाला लागतात. त्यापेक्षा ट्रायपॉडवरून तीन साधे फोटो घ्यावेत. पहिल्यातला लाल चॅनेल, म्हणजे फोटोतला फक्त लाल रंगाचा भाग, दुसऱ्यातला हिरवा, तिसऱ्यातला निळा, एवढं संगणकावर जोडलं की झालं. स्थिर कातळ तिन्हींत सारखाच, म्हणून त्याचा रंग जसाच्या तसा. काळ्या कातळावरचा पांढरा फेस फक्त पहिल्या फोटोत असेल तर तो लाल दिसतो, पहिल्या दोन्हींत असेल तर पिवळा. उजळ आकाशातल्या घारीचं उलटं: ती प्रकाश अडवते, त्यामुळे पहिल्या फोटोतली घार मोरपंखी, दुसऱ्यातली राणी रंगाची, तिसऱ्यातली पिवळी.

खरी गंमत शटरच्या वेळेत आहे. १/१२५ सेकंदाला कडा करकरीत येतात, जरा भडकच. सहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे रंग न बदलता प्रकाश कमी करणारी काच, लावला की तेच एक्स्पोजर अर्ध्या सेकंदावर जातं आणि लाटेचे रंगीत धागे सुटतात. मोह होऊन दहा स्टॉपचा लावला, तर आठ सेकंदांत तिन्ही फोटोंतल्या लाटांची सरासरी जवळपास सारखीच होते. धुकं छान, रंग गायब. ढगांना मात्र एक-दोन सेकंदांचं एक्स्पोजर आणि दोन फोटोंमध्ये वीस-तीस सेकंदांची उसंत मानवते.

एक्स्पोजर, आयएसओ, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल हवं. तरीही तिसऱ्या फोटोच्या वेळी सूर्य ढगाआड गेला की निळा कमी पडतो आणि अख्खं चित्र पिवळट होतं. तेवढं फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या कर्व्हजमध्ये सावरता येतं. ओल्या वाळूत ट्रायपॉडचा पाय रुतला तर कातळालाच लाल-मोरपंखी किनार येते. थोडं सरकलं असेल तर थर जुळवून निभावतं, पण त्यापेक्षा पाय दगडावर रोवलेला बरा. माणसांवर हा प्रयोग करू नये. चेहरे भुतासारखे येतात.

तीनवर थांबू नये, दहा-बारा फ्रेम घ्याव्यात. त्यातल्या कुठल्याही तीन, कुठल्याही क्रमाने जोडता येतात. सगळ्यांत मोठी लाट लालला दिली तर चित्र रक्ताळतं, म्हणून ती निळ्याला द्यावी आणि लालला परतीचं पातळ पाणी.