वाकडा रिव्हेट काढताना

आरव्ही-७ सारखं ॲल्युमिनियमचं विमान घरी बांधताना हजारो रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या डोकेवाल्या धातूच्या खिळी, ठोकावे लागतात. काही वाकणारच. ३/३२ इंची रिव्हेट ठोकल्यावर दांडीचं टोक चपटं होऊन बनलेलं मागचं डोकं दांडीच्या व्यासाच्या साधारण दीडपट रुंद आणि व्यासाच्या निम्मं उंच हवं. किंचित तिरकं बसलं तर माझ्या मते राहू द्या. काढताना भोक बिघडणं जास्त वाईट.

काढायचाच असेल, तर पुढच्या डोक्याच्या बरोबर मध्यावर ४० नंबरचं (या रिव्हेटच्या भोकाच्या मापाचं) ड्रिल लावा, हातानं दोन-चार वेढे फिरवून खळगा पाडा, मग ड्रिल यंत्रानं फिरवा. फक्त डोक्याच्या जाडीइतकंच खोल. त्या खळग्यात पंच (बारीक लोखंडी दांडा) घालून डोकं तिरकं करा, टचकन तुटतं. दांडी बाहेर ठोकताना पत्र्याला मागून लाकडाचा आधार हवाच, नाहीतर पत्रा दबतो. भोक मोठं झालंच, तर जाड दांडीचा पण लहान डोक्याचा ‘एनएएस १०९७’ या प्रमाण क्रमांकाचा रिव्हेट मिळतो.