चालत्या मशिनीला भंगार म्हणू नये

विंडोज सोडून लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम का घेतलीस, असं विचारणाऱ्यांसाठी माझ्याकडं एक सभ्य उत्तर तयार असतं. ते फुकट आहे, सोर्स कोड, म्हणजे आतला मूळ प्रोग्रॅम, सगळ्यांना उघडा आहे, व्हायरसची कटकट कमी. हे सगळं खरं, पण यातल्या एकाही कारणासाठी मी ते घेतलेलं नाही. माझ्या लॅपटॉपला एकानं भंगार म्हटलं, म्हणून घेतलं.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, शिवाय प्रोसेसर ठरावीक यादीतला हवा. माझा त्या यादीत नव्हता. दुकानदार म्हणाला, "साहेब, सोडा आता हा. एक्स्चेंजमध्ये काय येतंय बघू." लॅपटॉप ठणठणीत. कीबोर्ड शाबूत, रॅम ८ जीबी. आणि मी वाढलो कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत. तिथं बापाच्या वयाची लेथ अजून शाफ्ट कातते. बंद पडली तर खोलायची, पट्टा बदलायचा, ग्रीस घालायचं. पण चालू लेथ भंगारवाल्याला दाखवली तर शेजारचा शेडवाला विचारेल, घरात सगळं बरं हाय न्हवं?

तर खुन्नस म्हणा. कोल्हापुरात या कारणावरून माणसं याहून मोठ्या गोष्टी करतात.

मित्राला सांगितलं, तर तो म्हणाला, "चाललंय ते चालू दे की भावा, कशाला इस्कोट करालायस?" मी पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचा एक तयार अवतार, घेतलं होतंच. हार्ड डिस्कला हात न लावता अख्खी सिस्टीम पेनड्राइव्हवरून चालवून बघता येते, हे मला फार आवडलं. वायफाय लागलं, आवाज आला, जोडाक्षरं नीट दिसली. मग फायली बाहेर काढून ठेवल्या आणि इन्स्टॉल केलं.

सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह गायब. सगळी फोल्डरं एका तिरक्या रेघेपासून (/) सुरू. फाइलच्या इंग्रजी नावात कॅपिटल आणि स्मॉल अक्षर वेगळं धरतात, त्यामुळं डोळ्यासमोरची फाइल सापडेना. मराठी टायपिंगची धास्ती होती, पण इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी सगळीकडं तीच. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. बोटांना सिस्टीम बदलल्याचा पत्ताच लागला नाही. छापखान्याच्या जुन्या फॉन्टातली लग्नपत्रिका उघडली की मात्र नुसती चिन्हं दिसतात. तो फॉन्ट नसेल तर विंडोजवरही तेच दिसतं, एवढं समाधान.

लिनस टोरवाल्ड्सनं १९९१मध्ये हेलसिंकीत लिनक्स सुरू केलं तेव्हा तो २१ वर्षांचा विद्यार्थी होता. हा आपला छंद आहे, मोठं काही होणार नाही, असं त्यानंच जाहीर केलं होतं. आज फोनमधलं अँड्रॉइड त्याच कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर चालतं. म्हणजे 'आपल्याला ते लिनक्स जमत न्हाई' म्हणणारा माझा मित्र दिवसभर ते खिशात घेऊनच फिरत असतो. त्याला हे सांगितलं, तर त्यानं फोन उलटापालटा करून बघितला.

सगळ्यांनी बदला, असं काही मी म्हणत नाही. मेव्हण्याचा अख्खा धंदा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर आहे, ते लिनक्सवर थेट चालत नाही. त्याला मी काही सांगायला जात नाही.

भाच्याचा एक जुना डेस्कटॉप माळ्यावर पडलाय, ४ जीबी रॅमचा. त्यावर मिंटची हलकी, एक्सएफसीई हा साधा डेस्कटॉप असलेली आवृत्ती चढवायची म्हणतोय. बहिणीला विचारलं, तर म्हणाली, "चढव की दादा. पण येताना पान्हा घेऊन ये, मोरीतला नळ गळायलाय."