रुईवरची पंगत

होटगी रस्त्याकडे, आमच्या घरामागे एक प्लॉट वर्षानुवर्षं तसाच पडलाय. एप्रिलात सोलापूरचं ऊन त्यातलं गवत वाळवून टाकतं, बाभळीही धुळीनं मळकट होते. रुई मात्र फुललेली. तिला कुणी लावलं नाही की पाणी घातलं नाही. शेळ्यासुद्धा सहसा तोंड लावत नाहीत.

शनिवारी मारुतीच्या माळेसाठी मी तिथं जातो. पान खुडलं की दुधासारखा चीक. "तो हात डोळ्याला लावू नको," आई अजूनही बजावते, मी पन्नाशीला आलो तरी. खरंच, डोळ्यात गेला तर भलतंच होतं. पण काटा रुतला की त्यावर हाच चीक लावायचा, आजीचा गुडघा धरला की तेल लावून तव्यावर शेकलेलं हेच पान बांधायचं. रथसप्तमीच्या आंघोळीला अंगावर सात पानं. तिसरं लग्न लाभत नाही म्हणून पूर्वी नवरदेवाचं आधी रुईशी लग्न लावत. रुईला लाभतं का, हे कुणी विचारलं नसावं.

परवा जरा थांबलो. मेणाच्या साच्यातून काढल्यासारख्या जांभळट फुलावर एक काळा भुंगा घरघरत आला. या फुलातले पराग भुकटीसारखे उडत नाहीत, त्यांच्या जोड-पुड्या असतात. मध प्यायला आलेल्याच्या पायात त्या अडकतात आणि तो त्या पुढच्या फुलात नेऊन टाकतो. पाहुणचार फुकटात नाहीच.

शेजारच्या पानाखाली अळी होती. काळे, पांढरे, पिवळे पट्टे, अगदी सोलापुरी चादरीचा काठ. प्लेन टायगर फुलपाखराची. ती आधी पानाची शीर कुरतडते, चीक वाहून जाऊ देते, मग पुढचं पान निवांत खाते. तरी चिकातलं विष थोडं अंगात मुरतंच, आणि तेच पुढे फुलपाखराच्या कामी येतं. पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, म्हणून ते नारिंगी पंख हलवत आरामात तरंगतं. डॅनेड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्या फुलपाखराची मादी तर विष नसताना हुबेहूब तेच रूप घेऊन फिरते. सोंगावर निभावतं तिचं.

घरी आलो. आईनं माळ हातात घेऊन पानं मोजली.

"वीसच आहेत की रे. एकविसावं?"

"त्यावर एकजण जेवत होतं."

"बरं, मग राहू दे," म्हणाली आणि दोरा ओढून गाठ मारली.