धापा आणि बासरी

मी इंग्लंडात कॉट्सवोल्ड्सच्या पायवाटा तुडवतो आणि चालताना शूटिंग करतो. बाथपासून चिपिंग कॅम्पडेनपर्यंत 164 किलोमीटरची सलग वाट आहे; शनिवार-रविवार गाठून तिचे तुकडे तुकडे चालून झाले. यंदा इंदूरला आलो तेव्हा राजेंद्रनगरच्या घरी ते सगळं टीव्हीवर लावलं. समोर आई, बाबा, शेजारचे काका आणि मधे शेवेचा डबा.

पहिला प्रश्न काकांचा. "हे शेत कुणाचं?"

शेत गव्हाचं, मधून पाऊलभर वाट आणि मी खुशाल चाललोय. म्हटलं, शेत शेतकऱ्याचं, पण वाट सगळ्यांची. तसा कायदाच आहे. खांबावर पिवळा बाण दिसला की जायचं, मालकानं अडवायचं नाही. कुंपण आलं की चढून जायला लाकडी पायरी, नाहीतर एका वेळी एकच माणूस निघेल असं झुलतं फाटक. मेंढ्या आत, माणूस पार. काकांची मानपूरकडे थोडी जमीन आहे. त्यांनी शेवेची मूठ तोंडात टाकली. "आमच्याकडे नको लावूस असला बाण, भिया."

मग क्लीव्ह हिल, त्या भागातला सगळ्यांत उंच माथा. इथे मी फार कष्ट घेतले होते. कॅमेरा दगडावर ठेवायचा, वर चालत जायचं, खाली येऊन तो उचलायचा, पुन्हा वर. म्हणजे चढ दोनदा. बाबांनी उंची विचारली. 330 मीटर.

"इंदूर साडेपाचशेवर आहे. म्हणजे डोंगर चढूनही तू आपल्या ओट्याच्या दोनशे मीटर खालीच."

चढ कॅमेऱ्यात दिसतच नाही, ही खरी गोची. छातीवर येणारी वाट पडद्यावर सपाट मैदान होते. साक्षीला असतात फक्त धापा, आणि त्या ऐकायला बऱ्या वाटत नाहीत म्हणून मी त्या पुसून वर बासरी टाकतो. आई कौतुकानं म्हणाली, "एवढं चालूनही दम लागत नाही हो याला!"

रविवारी बाबांना घेऊन जानापावला गेलो. चंबळ निघते तो डोंगर. गाडी वरपर्यंत जाते, पण आम्ही पायथ्याशीच उतरलो. बाण वगैरे काही नाही. शेळ्या जिथून गेल्या ती वाट. बाबांनी माझा फोन मागून घेतला. "आज शूटिंग माझं."

संध्याकाळी ते टीव्हीवर लावलं. सहा मिनिटं. डाव्या कोपऱ्यात त्यांचं बोट, मधे हलणारी माझी पाठ. आवाज मात्र सगळा आलाय: भात्यासारख्या धापा, चपलांची फटफट, मधेच "थांब रे जरा." पाठ तशीच पुढे जाते. पुन्हा, जरा मोठ्यानं, "अरे, थांब."

आई काही बोलली नाही. बाबांनी चष्मा पुसला.

"यावर बासरी टाकता येते का रे?"