मूठ जरा सैल सोडली
आज सकाळी येरवड्याला गोल्फच्या सरावाला गेले होते. पहिले तीसेक चेंडू सगळे उजवीकडे वळून झाडीत. सरांनी ग्लोव्ह काढायला लावला. अंगठ्यापाशी चामडं घासून भोक पडायला आलेलं. "बघा, केवढं आवळताय!"

मूठ आवळली की मनगट आखडतं, कोपराखालचा हात वळतच नाही. क्लबचं, म्हणजे गोल्फच्या काठीचं, तोंड उजवीकडे उघडं राहतं आणि चेंडू उजवीकडे पळतो. पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ मालिकेच्या 82 स्पर्धा जिंकलेला सॅम स्नीड सांगायचा, जिवंत पाखरू धरल्यासारखा क्लब धरा.

मग डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांतच पकड ठेवली, बाकी सगळं सैल. आणि क्लब खाली येताना पालथा हात आपसूक उताणा होत गेला! सात नंबरच्या आयर्नचा, म्हणजे धातूच्या पात्याच्या क्लबचा, तो 'टक्' आवाज अजून कानात आहे. उद्या साडेसहाला परत जाणार.