भेकरं वाढली, तर बिबट्याचं काय बिघडलं?

सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात मी लोकांना रान दाखवत हिंडतो, त्यामुळे हा प्रश्न दर पावसाळ्यात येतोच. परवा मुंबईच्या एका काकांनी विचारला. त्याआधी आमच्याच वाडीतल्या आबांनी विचारला होता: "झाडां तोडली तर चारो वाढता, भेकरां येतत. मगे वाघाक बरांच ना?" (आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात.)

प्रश्न खुळा नाही. ऐन-किंजळ तोडून नेले की ऊन जमिनीपर्यंत पोचतं, बुंध्यांना कोवळे धुमारे फुटतात आणि भेकरं, गवे तिथे चरायला येतातही. पण भेकरं वाढली म्हणजे शिकार साधलीच असं नाही. कोण कुणाला आधी बघतं, यावर सगळं असतं. बिबट्या काही लांब पाठलाग करणारा गडी नव्हे. दबकत अगदी जवळ जाणार, मग झेप. बोडक्या उतारावर दबायचं कुठे? पुढे रानमोडी हे तण माजते, तेव्हा आडोसा मिळतो, पण तिला गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत.

उघड्यावर फावतं ते कुत्र्यांचं. ओंडके न्यायला ट्रकचा रस्ता काढला की त्याच रस्त्याने गावातली कुत्री आत शिरतात. गेल्या मार्चमध्ये असल्याच एका रस्त्याकडेला नान्याच्या झाडावर शेकरू बघितलं. पलीकडचं झाड पूर्वी एका उडीत होतं. आता मधे रस्ता. ते डोकं खाली करून बुंध्यावरून उतरलं, हातभर उंचीवर थांबलं, परत वर गेलं. असं दोनदा. तिसऱ्यांदा पळालं, आणि मागून कुत्रं. वाचलं, पण शेपटीचा झुपका जेमतेम सुटला. जमिनीवर धावायचा सराव त्याला असणार कुठून?

आणि हे सगळं मालकी रानात, म्हणजे सातबारा असलेल्या जागेत. 2013 साली मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात झाडं तोडायला बंदी घातली. कटरचा आवाज अजून येतो.

पण आबांना मी बिबट्यापेक्षा चापडा सापाचंच सांगतो. मलबार चापडा शिकारीमागे धावतच नाही. पावसाळ्यात ओढ्यावरच्या फांदीवर वेटोळं घालून रात्रच्या रात्र बसतो, बेडूक टप्प्यात येईपर्यंत. इथले इवलेसे झुडपी बेडूक डबक्यात अंडी घालत नाहीत. पिल्लू अंड्यातच पुरतं बेडूक होतं, म्हणून त्यांना पाणी साचलेलं नसलं तरी चालतं, पण काठाचा ओलावा लागतो. वरची सावली गेली की तो आधी जातो.

एका ओढ्याचा अलीकडचा काठ तोडला, त्या पावसाळ्यात मी तिथे तीन रात्री गेलो. चापडा तिन्ही रात्री त्याच फांदीवर, तोंड खाली करून. पलीकडच्या काठावर टिकटिक चालू होती. अलीकडे एकही बेडूक ओरडत नव्हता.